चौदा तारखेची बाटली

पुणे,
२० ऑक्टोबर १९६८

ती. सिंधूताईस,
सहदेवचा जयभीम.

सोनाळ्याहून निघालेली दोन्ही खोकी परवा हाती आली. एवढ्या एसटी-रेल्वेच्या आदळआपटीत एकच बाटली फुटली. भाऊजींनी भुशात अशी काही बसवली होती की आमचा शिपाई म्हणाला, हा माणूस नक्की आंब्यांचा व्यापारी असणार. हे काम त्यांना द्या म्हणून मी साहेबांच्या मागे लागलो होतो, तेव्हा साहेब कुरकुरत होते. रोज सकाळी नदीवर जायचं, बाटली भरायची, खांबावर पाण्याची उंची बघायची आणि चिठ्ठी लिहून चिकटवायची, हे गावच्या माणसाला जमेल का म्हणून. आता तेच साहेब भाऊरावांच्या चिठ्ठ्या इतरांना दाखवतात.

तू विचारलं होतंस, या गढूळ पाण्याचं तुम्ही पुण्यात करता तरी काय. गावाच्या वर दोन मैलांवर सावळी नदीला बांध घालून तलाव करायचाय, हे तुला ठाऊक आहे. नदी पाण्याबरोबर गाळ आणते. तो तलावात कुठे आणि किती बसेल हे आधी कळलं, तर बांधातून पाणी सोडायची मोरी कुठे ठेवायची ते ठरतं. साहेब म्हणतात, सगळ्या कणांची सरासरी काढा, एकच कण धरा आणि मोकळे व्हा. मी म्हणतो, ज्वारी उपणताना दाणा पायाशी पडतो आणि कोंडा शेजारच्या खळ्यात जातो. दाणा आणि कोंडा यांची सरासरी काढली तर ती पडायची कुठे? म्हणून मी बारीक पोयट्यापासून जाड रेतीपर्यंत कणांचे आठ खण केलेत. प्रत्येक खणाचा पाण्यात बसण्याचा वेग वेगळा. हा हिशेब हातानं होण्यासारखा नाही, तो मुंबईच्या मोठ्या गणकयंत्रावर करतात. पंधरवड्यातून अर्धा तास यंत्र आमच्या वाट्याला येतं. भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा मांडीवर घेऊन मी गाडीत बसतो, तेव्हा लोकांना वाटतं विमा विकणारा आहे.

सगळ्यात मोलाची बाटली १४ ऑगस्टची. ऐन पुरातली. निम्मी बाटली रेतीच आहे. त्यानंतर १८ पर्यंत बाटल्या नाहीत, ते समजू शकतो. पण चौदाला त्या पाण्यात उतरलेच कसे? माझ्या वतीनं त्यांचा कान धर, आणि मग चहा दे.

त्यांनी स्वतः दोन ओळी का लिहिल्या नाहीत?

तुझा,
सहदेव

*

सोनाळा,
३ नोव्हेंबर १९६८

चि. सहदेव यास,
ताईचा आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. भाषा तं अशी इस्त्री मारल्यावानी झाली तुझी, मले वाटलं कोण्या मास्तरचं पत्र चुकून आपल्या घरी आलं. तिथं 'मले-तुले' म्हटलं तं हासतात का तुले? हासू दे. हासणाऱ्याचे दात दिसतात.

आमचं ठीक हाये. हे बरे हायेत. यांच्या उजव्या हाताले लागलं, पेन धरवत नाही, म्हणून यांनी लिहिलं नाही. काम मात्र एक दिवस चुकलं नाही. कापूस यंदा बरा हाये, वेचणीले बाया भेटून नाही राह्यल्या. शाळेतल्या पोरायले मी संध्याकाळी पाढे शिकवते. थंडी पडली. मागचं दार उघडं असते, तं नदीवरचा वारा सरळ चुलीपर्यंत येते अन् भाकर करपते.

एक काम कर. त्या चौदा तारखेच्या बाटलीवर काय लिहिलं हाये, ते मले जसंच्या तसं लिहून पाठव. एक अक्षर सोडू नको. काऊन ते विचारू नको. लवकर पाठव.

तुझी,
सिंधूताई

*

पुणे,
१७ नोव्हेंबर १९६८

ती. ताईस,
जयभीम.

चिठ्ठी माझ्यासमोर आहे, बघून उतरवतो. "सावळी. १४ ऑगस्ट. सकाळी सहा. पाणी सोळा फूट." बस एवढंच. 'सोळा' खाली रेघ आहे. पेन्सिल इतकी दाबलीय की टिंबाच्या जागी कागदाला भोक पडलंय.

त्या बाटलीचं एक सांगायचं राहिलं. बाकीच्या साऱ्या बाटल्या दोन दिवसांत निवळल्या. ही तीन महिने झाले तरी आज सकाळी भरल्यासारखी गढूळ आहे. रेती तळाशी बसली, पण वरचं पाणी हलतंच आहे. अतिबारीक कण असे असतात, माझ्या पहिल्या खणातले, त्यांना पडायला वेगच नसतो. तरी एवढे दिवस म्हणजे फार झालं. मी शिपायाला विचारलं, ही बाटली कोणी हलवतं का? तो म्हणाला, मी त्या फडताळाला हातच लावत नाही. का लावत नाही, ते काही सांगेना.

आता दुसरी गोष्ट, आणि ही गंमत नाही. १४ ऑगस्टपर्यंतच्या बाटल्यांत आठही खणांत काही ना काही आहे. एकोणीस तारखेपासून वरचे चार खण कोरे. मिलिमीटरचा सातवा हिस्सा, त्याच्यापेक्षा मोठा एकही कण नाही. हळूहळू कमी झाले असते तर म्हटलं असतं, पूर ओसरला. पण विळ्यानं कापल्यासारखे एकाच जागी संपतात, आणि रोज त्याच जागी. नदी असं करत नाही, ताई. नदी आणि बाटली यांच्यामध्ये कोणीतरी उभं आहे, असं वाटतं ते आकडे बघून.

साहेबांना सांगितलं तर म्हणाले, सरासरी आणि पसारा असे दोन आकडे काढ, मस्त गोल वक्र येतो, कुठेही कापलेला दिसत नाही. खरंच दिसत नाही. म्हणूनच मला तो वक्र नको आहे.

भाऊजी पाणी गाळून भरतात का? आणि त्यांच्या हाताला पेन धरवत नाही, तर चिठ्ठ्या कोण लिहितं? दार लावत जा, आजारी पडशील.

तुझा,
सहदेव

*

सोनाळा,
८ डिसेंबर १९६८

चि. सहदेव यास,
आशीर्वाद.

पोलीस पाटलावानी काय विचारून राह्यला बे? चिठ्ठ्या मी लिहिते. यांचं अक्षर माझ्याच हाताखाली वळलं, लग्नानंतर पाटीवर मी गिरवून घेतलं होतं, म्हणून तुले फरक दिसत नाही. नदीचं काय विचारतो? नदीचं मूळ अन् ऋषीचं कूळ पाहू नये म्हणतात. पूर गेला, रेती गेली. तुझं यंत्र चुकलं असंन.

बाटली निवळली का? निवळली नसंन तं हलवू नको. बूच उघडू नको. फडताळात उन्हाच्या बाजूले ठेव. आतमंधी काही दिसते का ते पाह्य, पण दुरूनच पाह्य.

बाकी ठीक. हे नदीवर गेले हायेत.

तुझी,
सिंधूताई

*

पुणे,
१२ जानेवारी १९६९

ती. ताईस,
जयभीम.

तुझ्या पत्रातलं एकही वाक्य मला धड वाटलं नाही. लहानपणी मी पाटी फोडली होती आणि मार तू खाल्लास, तेव्हा तुझा आवाज असाच झाला होता.

मागच्या रविवारी दुपारी ऑफिसात एकटाच होतो. एकोणीस ऑगस्टच्या बाटलीतला गाळ काचेवर घेऊन भिंगाखाली धरला. गाळात एक धागा होता. पांढरा, सुती. वीस तारखेच्या बाटलीतही होता. मग मी एकामागून एक सगळ्या बघितल्या. प्रत्येकीत एक-दोन धागे आहेतच. मुलायम धोतराच्या विणीतलं भोक साधारण मिलिमीटरच्या सातव्या हिश्शाएवढंच असतं, हे मी माझ्याच धोतरावर मोजून पाहिलं. कोणीतरी रोज सकाळी सावळीचं पाणी धोतरातून गाळतं आणि मग बाटलीत भरतं. पाहुण्याला पाणी गाळून द्यावं, तसं.

सरासरीनं आणि आठ खणांनी, अशा दोन्ही प्रकारांनी मी हिशेब यंत्रावर घातला. वरचे चार खण कोरे आले तेव्हा यंत्रावरच्या माणसाला वाटलं कार्डं चुकली. त्यानं गठ्ठा पुन्हा घातला. पुन्हा कोरे. या गाळलेल्या पाण्याचं खरं मानलं, तर सावळीत नुसता पोयटा आहे, तो मोरीतून वाहून जाईल, मोरी खाली आणि अरुंद ठेवली तरी चालेल. साहेब तसंच लिहायला निघालेत. पण रेती असेल तर ती पहिल्याच मोठ्या पुरात मोरीच्या तोंडाशी बसेल. मोरी बुजली की पाणी बांधावर चढेल. मातीच्या बांधावरून पाणी गेलं की बांध राहत नाही. खाली पहिली आपलीच वस्ती आहे, ताई. तुझं घर त्यातलंच.

मार्चअखेरच्या आत नकाशा मंजूर होतो. तोवर मला खरं कळलं पाहिजे. भाऊजींना म्हणावं, रागावणार नाही, फक्त खरं सांगा. नाहीतर मी स्वतः येतो.

तुझा,
सहदेव

*

सोनाळा,
९ फेब्रुवारी १९६९

चि. सहदेव यास,

महिनाभर हे पत्र डोक्यात लिहून राह्यली होती. आता कागदावर लिहिते. वाचून धावत येऊ नको, आधी शेवटपर्यंत वाच.

हे नाहीत, सहदेव. ऑगस्टपासून नाहीत.

तेरा तारखेले दिवस बुडता बुडता कोतवाल ओरडत आला, नदी चढली, वस्ती खाली करा. हे म्हणाले, तू वस्तीतल्या बेबीताईसंग शाळेत जा, मी खांबावरचं पाणी पाहून येतो. कुठीही जायचं असलं की यांचं तेच एक बोलणं, पाहून येतो. मी मागच्या दाराले आतून कडी लावली, पुढून निघाली अन् शाळेत गेली. शाळेच्या ओट्यावरून हिंमतराव पाटलानं पाह्यलं की खांबापाशी जायची फळी पाण्यात गेली. फळीवर माणूस होता का नोहता, ते त्याले सांगता येत नाही. उजेड नोहता.

सोळाले पाणी उतरलं तशी घरी आली. खालची घरं चिखलात बसली होती. आपलं उंचावर, पाणी मागच्या उंबऱ्यापर्यंत येऊन परत गेलं. पण मी कडी लावलेलं मागचं दार सताड उघडं होतं. मले वाटलं, हे आले. सगळं घर पाह्यलं, कणगीमागंही पाह्यलं. नोहते. तवापासून ते दार मी लावलं नाही. भिंतीले टेकलेलं हाये तसंच राह्यलं. लावलं अन् हे आले, तं?

पंधरा दिवस लोकांनी काठ धुंडाळला. काही भेटलं नाही. माती द्यायची तं माणूस पाहिजे, सहदेव. माणूस नाही तं काय करायचं ते मले कोणी सांगतलं नाही. बेबीताई म्हणे सहदेवले कळव. मी तिले शपथ घातली. तू आला असता, मले पुण्याले नेलं असतं, अन् नदीवर दुसरा माणूस लागला असता. मग मी कोण्या तोंडानं रोज नदीवर गेली असती?

म्हणून एकोणीसपासून मीच जाते. यांचं दुसरं धोतर घेऊन जाते. पाणी त्यातून गाळते, अन् खाली येते ते बाटलीत भरते. धोतरात काय राह्यलं ते पाहाले. एखादं शर्टाचं बटन येईन, कानातली बाळी येईन, काहीतरी यांचं येईन. अजून रेतीशिवाय काही आलं नाही. पण ती रेती मी फेकली नाही. घरी आणते अन् मडक्यात टाकते. यांच्या अंगावरून आलेली असंन, असं वाटते. मडकं चुलीमागं हाये, पाऊण भरलं. तुले वेडी वाटत असीन मी. मलेही वाटते.

तू ज्या चार खणांले शोधून राह्यला, ते माझ्या मडक्यात हायेत.

आता तुझ्या चौदा तारखेचं. तुझं पहिलं पत्र मी तीनदा वाचलं होतं. पहिल्या खोक्यात यांनी बाटल्या भरल्या तेव्हा त्या तेरा होत्या, एक ते तेरा तारखेच्या. झाकण मी घरी आल्यावर ठोकलं, रडतरडत ठोकलं, आत पाह्यलं नाही. चौदाले सावळीवर कोणीच जाऊ शकत नोहतं. अन् खांब बारा फुटाचा हाये, रे. बारा फुटाच्या खांबावर सोळा फूट कोणं मोजलं? पेन्सिल दाबून कागदाले भोक पाडायची सवय यांचीच. माझी नाही.

ती बाटली उघडू नको. इतके दिवस निवळत नाही, म्हणजे तिच्यात काहीतरी जागं हाये.

सिंधूताई

*

पुणे,
१८ फेब्रुवारी १९६९

ताई,

तू नको म्हणालीस तरी मी स्टेशनवर गेलो. मलकापूरचं तिकीट काढलं, बाकावर बसलो, गाडी आली आणि गेली. मी उठलो नाही. तुझ्यासमोर उभं राहायला मला तोंड नाही. ते काम मीच लावलं होतं. साहेबांच्या मागे लागून लावलं होतं.

परत ऑफिसात आलो आणि त्या बाटलीसमोर बसलो. बाकी सगळ्या बाटल्या आता जुन्या झाल्यात, बुचांना बुरशी आलीय. ही तशीच आहे. मी शिपायाला पुन्हा विचारलं. या वेळी तो बोलला. म्हणाला, सकाळी झाडायला आलो की त्या एकाच बाटलीच्या बुडाखाली फडताळ ओलं असतं. मी हात लावून बघितलं. ओलं होतं. बूच घट्ट होतं, काचेला चीर नव्हती. याचा हिशेब माझ्याकडे नाही, ताई, आणि मी तो मांडणारही नाही.

पण दुसरा हिशेब मांडायलाच हवा आणि तुझ्याकडे मागायला जीभ रेटत नाही. तुझ्या मडक्यातली रेती मिळाली तर रोजच्या पाण्यातले वरचे चार खण भरून काढता येतील. तेवढ्यानं भागणार नाही. बांध रोजच्या पाण्यानं फुटत नाही, पुरानं फुटतो. आणि पुराचं खरं पाणी साऱ्या जगात एकाच बाटलीत आहे. ती चाळणीवर ओतली तर परत भरता येणार नाही.

यंत्र मला १५ मार्चला मिळतंय. त्यानंतर नाही. तू नाही म्हणालीस तर मी बाटली उघडणार नाही. साहेबांशी नुसत्या तोंडानं भांडेन. ते ऐकणार नाहीत, हे तुला सांगून ठेवतो.

तुझा,
सहदेव

*

सोनाळा,
२७ फेब्रुवारी १९६९

चि. सहदेव यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र आलं, अन् दोन दिवस मी चूल पेटवली नाही. राग आला होता. म्हटलं, माझ्याजवळ एवढंच हाये अन् हा तेच मागते.

तिसऱ्या दिवशी बेबीताईची नात आली, परकरात चिंचा घेऊन. मागच्या दारात बसून नदीत खडे टाकत होती. पाणी कमी हाये आता, घोट्याएवढं. तिले पाहता पाहता वाटलं, हे पोरगं खाली राहते. अशी एकवीस घरं हायेत खाली.

मग मडकं अंगणात नेलं अन् परातीत उपडं केलं. उन्हात पसरलं. एक एक कण पाहाचा म्हटलं तं जन्म पुरणार नाही, पण दुपार गेली त्यात. बटन नाही, बाळी नाही. रेतीच हाये, सहदेव. चमकते तेवढी. रडली नाही मी, नुसतं बरं वाटलं की अंगण झाडून काढलं. यांच्याच धोतरात बांधून पाठवते. धोतर परत पाठवजो. रोज एक बाटली भरंपर्यंत गाळायची, एकोणीस ऑगस्टपासून परवापर्यंत एक दिवस खाडा नाही, हे हिशेबाले लागंन म्हणून लिहिते. दिवाळीनंतर रेती फार नोहती येत.

अन् बाटली उघड. मी रात्रंदिवस तोच विचार केला. एवढ्या पुरात ज्यानं भरली, जितेपणी भरली का कशी भरली ते मले माहीत नाही, पण फडताळात ठेवायले नाही भरली. हे काम अर्धं टाकणारे नोहते. उघडताना एकदा नाव घे यांचं. मोठ्यानं घे.

चिठ्ठी मात्र भिजवू नको. ती मले पाहिजे.

तुझी,
सिंधूताई

*

पुणे,
३० मार्च १९६९

ती. ताईस,
जयभीम.

चिठ्ठी सोबत पाठवतो. वाफेवर धरून सोडवली, एक कोपराही फाटला नाही. धोतर मी धुतलं नाही, तसंच घडी करून ठेवलंय, तू येशील तेव्हा देईन.

बाटली मी आठ मार्चला उघडली. शिपाई म्हणाला, मीही उभा राहतो. मी "भाऊराव" असं मोठ्यानं म्हटलं. पुढे काय म्हणायचं ते सुचलं नाही, म्हणून म्हणालो, भाऊजी, ओततो हं. खोलीभर सावळीचा वास आला, पुरातल्या चिखलाचा, कालच्यासारखा ताजा. शिपाई बाहेर जाऊन उभा राहिला. मी चाळण्या एकावर एक रचून ओतलं. आठही खण भरले. सगळ्यात वरच्या चाळणीवर हरभऱ्याएवढे खडे राहिले. मीही तुझ्यासारखंच बघितलं, बटन-बाळी काही नव्हतं.

पंधराला यंत्रावर हिशेब घातला. तुझी रेती रोजच्या पाण्यात, बाटलीची रेती पुरात. तिसऱ्या मोठ्या पुरात मोरी बुजते आणि पाणी बांधावर हातभर चढतं. साहेबांनी कागद तीनदा बघितला. त्यांनी सरासरीचा जुना कागद शेजारी ठेवला. त्यात मोरी चाळीस वर्षं उघडी होती. मग म्हणाले, मोरी वर घ्या, रुंद करा आणि वरच्या अंगाला रेती अडवायला बंधारा टाका. तसा नकाशा गेला. मंजूर झाला. वस्तीवर पाणी येणार नाही, ताई. बेबीताईंना सांग.

त्यातलं थोडं पाणी मी त्याच बाटलीत परत भरून ठेवलंय, बोटभर. ते निवळलं. मी बघत होतो, तासाभरात निवळलं.

आता माझं ऐक. नदीचं काम संपलं, सावळीही आता आटली असेल. तिथे एकटी राहू नकोस. माझ्याकडे ये. खोली लहान आहे, पण गॅलरी आहे, तुला पोरं शिकवायला मिळतील. नाही म्हणू नकोस.

तुझा,
सहदेव

*

मलकापूर स्टेशन,
२० एप्रिल १९६९

चि. सहदेव यास,

गाडीले अजून दोन तास हायेत, म्हणून बाकावर बसून लिहून राह्यली. मी येते. पण तुले हे कळलं पाहिजे, अन् समोरासमोर मले सांगता येणार नाही.

काल सामान बांधलं. बेबीताई म्हणे, आता तरी दार लाव, कुत्री शिरतात. मी चिठ्ठी पदरात बांधली होती. म्हटलं, झालं आता, लावते. आठ महिने ते फळकूट भिंतीले टेकून होतं, बिजागरीत गंज बसला होता. दोन्ही हातांनी ओढलं. दार सुटलं अन् त्याच्या मागची भिंत दिसली.

भिंतीवर यांचं अक्षर हाये.

मागं एकदा यांनी रबरी नळीत पाणी भरून मोजलं होतं की खांबाचे बारा फूट संपल्यावर अजून चार फूट चढलं की पाणी आपल्या मागच्या उंबऱ्याले लागते. मी तेव्हा हासली होती, म्हटलं एवढं पाणी कोण आणते. भिंतीवर पेन्सिलनं लिहिलं हाये, दाबून लिहिलं, चुना निघाला हाये तिथं:

"१४ ऑगस्ट. सकाळी सहा. पाणी सोळा फूट, उंबऱ्याशी. बाटली भरून खोक्यात ठेवली. सिंधू घरी नाही. पाहून येतो."

तेराले मले शाळेत जा म्हणून यांनीच सांगतलं होतं. पण शाळेच्या वाटेवर तेव्हा पाणी होतं. मी तिथं पोचली का नाही हे यांनले कुठून माहीत असंन? रातभर कुठी होते, काय धरून होते, माहीत नाही. पुढून घरी आले, काम केलं, अन् मागचं दार उघडून मले पाहाले पुन्हा पाण्यात उतरले. मी शाळेच्या ओट्यावर बसून होती, सहदेव. लोकांच्या पोरायले गूळ वाटत होती.

आठ महिने मी यांच्यासाठी दार उघडं ठेवलं, अन् त्याच दारामागं यांचा निरोप झाकून ठेवला.

मी लय वेळ तिथं बसली. बेबीताई येऊन गेली, मी तिले काही सांगतलं नाही. मग यांची पेन्सिल काढली, खोक्याच्या खिळ्यांच्या डब्यात होती, अन् यांच्या ओळीखाली लिहिलं: "सिंधू पुण्याले, सहदेवकडे." खाली तुझा पूर्ण पत्ता लिहिला. तारीख टाकली. पाणी किती तेही लिहिलं, नदी कोरडी हाये म्हणून शून्य.

दार पुन्हा उघडलं, पण आता भिंतीले टेकवलं नाही. मधात दगड ठेवला, म्हणजे अक्षर दिसत राहीन.

गाडीची घंटा झाली. हे पत्र इथंच पेटीत टाकते, माझ्यामागून येईन. उद्या सकाळी घ्यायले ये म्हणून तुले तार केली हाये. ती बाटली धुतली नसंन तं धुऊ नको.

तुझी,
सिंधूताई